घरकुलाचा अर्ज व जागेचा हक्क

ज्या मोठ्या खेड्यांस आता नगर पंचायत मिळाली आहे, तेथील शेतकरी बंधूंनी घरकुलासाठी प्रधानमंत्री आवास योजना, शहरी २.० हिचा विचार करावा. ही योजना ता. १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधणारास महाराष्ट्रात केंद्राचे १,५०,००० रुपये व राज्याचे निदान १,००,००० रुपये मिळावयाचे असतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असावे व भारतात कोठेही पक्के घर नसावे. कुटुंब म्हणजे पति, पत्नी व अविवाहित मुले. सबब विवाहित मुलगा वडिलांच्या घरी राहत असला तरी त्याचे कुटुंब निराळे धरतात.

अर्ज अडतो तो बहुधा जागेच्या कागदावर. जागा मयत आजोबांच्या नावे आणि वाटणी तोंडी, अशा स्थितीत एकट्याचा हक्क सिद्ध होत नाही. प्रथम वारसनोंद करावी. तीत बहिणींची नावे वगळू नयेत. वगळल्यास पुढे तंटा ठरलेलाच. नंतर वाटणीपत्र अगर हक्कसोडपत्र रीतसर नोंदवून, नगर भूमापन झाले असल्यास मिळकत पत्रिकेवर आपले नाव आणावे. केवळ शेताचा ७/१२ पुरेसा समजू नये.

अर्ज नगर पंचायतीत किंवा संकेतस्थळावर करून पोच जपून ठेवावी. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे बँकेत जमा होतात. म्हणून मंजुरीपूर्वी कर्ज काढून पाया खणू नये.