बिनतारी माऊस अडतो? आधी जागा बदला, मग माऊस



ऊस नोंद आता वहीतून संगणकात गेली आहे. केडगाव, वरवंड, राहू, पाटस भागात बऱ्याच घरी मुलांसाठीही टेबलावरचा संगणक आला आहे. त्याचा बिनतारी माऊस मात्र मधेच अडतो, उडी मारतो. नोंद भरताना बाण एक ओळ घसरला, तर को ८६०३२ च्या जागी दुसरी जात पडते किंवा जुलैची लागण ऑगस्टची होते. तोडणीची पाळी लागण तारखेवर ठरते. म्हणून हा विषय किरकोळ समजू नये.

आधी कारण पाहू. आकाशवाणीचे पुणे केंद्र आपण ७९२ किलोहर्ट्झवर ऐकत आलो. माऊसही तसाच रेडिओलहरींवर चालतो, पण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात व अगदी थोड्या ताकदीने. वाय-फाय आणि ब्ल्यूटूथही त्याच पट्ट्यात. एका पाणंदीत चार गाड्या घुसाव्यात, तशी गत होते. त्यात यूएसबी ३ ची खाच (बहुधा आतून निळी) चालू असताना याच पट्ट्यात गोंगाट करते. इंटेल कंपनीने २०१२ साली हे मोजून प्रसिद्ध केले.

उपाय क्रमाने करावेत :

१. सेल बदलावा. बटण बंद करून पुन्हा चालू करावे.

२. माऊस काचेवर किंवा चकचकीत टेबलावर नीट चालत नाही. खाली साधा कागद ठेवावा. पोटाखालची भिंगाची जागा कोरड्या फडक्याने पुसावी.

३. नखाएवढा रिसीव्हर संगणकाच्या मागे असेल, तर मधे पत्र्याचे खोके येते. तो पुढच्या काळ्या खाचेत लावावा. निळ्या खाचेतील पेन ड्राइव्ह शेजारी नको.

४. तरीही अडला, तर हातभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन रिसीव्हर माऊसजवळ आणावा. वाय-फायचा डबा टेबलावरून हलवावा.

५. रिसीव्हर हरवू देऊ नये. दुसऱ्या माऊसचा रिसीव्हर सहसा चालत नाही.

एवढे करूनही सुधारणा नसेल, तरच माऊस बदलावा. नोंदीच्या कामाला वायरचा माऊस बरा. त्याला ना सेल लागतो, ना लहर.

आणि माऊस कोणताही असो, नोंद करून उठण्यापूर्वी गट नंबर, क्षेत्र, जात व लागण तारीख पावतीवर स्वतः वाचून घ्यावी. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. तोडणी सुरू झाल्यावर नाही.