आधी वास, मग जाळ, मग गॅस : गटाची भट्टी पेटवण्याचा धडा



दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी यायला लागल्या की गटाच्या खोलीत पहाटे पाचलाच भट्टी पेटते. चिवडा, शेव, चकली, अनारसे, सगळं वेळेत द्यायचं असतं. घरचा गॅस आपण वर्षानुवर्षं वापरतो, त्यामुळे भट्टीचं काय विशेष, असं वाटतं. पण घरची शेगडी आणि गटाची भट्टी यांत फरक आहे. भट्टीचा बर्नर मोठा, त्यातून गॅस जास्त सुटतो, वर दहा-पंधरा किलो तेलाची कढई आणि आजूबाजूला सात-आठ जणी. म्हणून या अंकात भट्टी पेटवायची आणि तपासायची पद्धत शिकू. पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा आणि भट्टीजवळ उभं राहून एकेक पायरी करून बघा.

गॅसचा स्वभाव ओळखा

सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचं मिश्रण. दाबाखाली तो पातळ होऊन राहतो. बाहेर सुटला की फुगून साधारण 250 पट जागा व्यापतो. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा गॅस हवेपेक्षा जड असतो. धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो, जमिनीलगत पसरतो, मोरीत, खड्ड्यात, भट्टीच्या लोखंडी चौकटीखाली साचतो. खोलीतल्या हवेत 100 भागांत साधारण 2 ते 9 भाग गॅस मिसळला की एका ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणजे थोडा गॅससुद्धा पुरेसा आहे. म्हणूनच वर खिडकी उघडी आहे तेवढ्यावर भागत नाही, खालून गॅस बाहेर जायला दार उघडं लागतं.

पेटवण्यापूर्वी

1. दार उघडा आणि उंबऱ्यातच थांबा. दिव्याचं बटण लगेच दाबू नका, कारण बटणातही बारीक ठिणगी पडते. खाली वाकून वास घ्या. उभ्याने घेतलेला वास खरा नाही, गॅस पायाशी असतो.
2. वास नसेल तर दिवा लावा, खिडक्या उघडा, पंखा लावायचा असेल तर आत्ताच लावा.
3. भट्टीचे सगळे नॉब बंद आहेत का, हाताने फिरवून बघा. "काल मीच बंद केली होती की!" यावर भागवायचं नाही.
4. सिलिंडर उभा आहे ना, पाइप कुठे दबलेला, पिळलेला किंवा भट्टीच्या गरम भागाला टेकलेला नाही ना, ते बघा. सिलिंडर भट्टीपासून लांब हवा आणि खड्ड्यात किंवा मोरीशेजारी नको.
5. पोती, कागद, प्लास्टिकच्या पिशव्या, तेलाचे डबे भट्टीजवळून हलवा.
6. पदर खोचा, केस बांधा. नायलॉनची साडी नको, सुती बरी. लहान मुलं खोलीबाहेर.

पेटवताना

इथे क्रम लक्षात ठेवा, आधी जाळ, मग गॅस. आधी नॉब फिरवून मग काडेपेटी शोधायची, हे कधीच नको. तेवढ्या वेळात गॅस चौकटीखाली साचतो.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर सुरू करा. लांब दांड्याचा लायटर किंवा पेटता काकडा बर्नरच्या कडेला धरा. तोंड आणि छाती बर्नरवर येऊ देऊ नका, बाजूला उभ्या राहा. मग नॉब हळूहळू, थोडासाच उघडा. ज्योत सगळ्या बाजूंनी फिरली की मग मोठी करा. कढई त्यानंतर ठेवा.

हे काम रोज एकीनेच करायचं. तिच्या हातात लायटर असताना दुसरीने नॉबला हात लावायचा नाही. दोघींनी मिळून पेटवायला गेलं की एकीला वाटतं नॉब बंद आहे आणि दुसरीने तो उघडलेला असतो.

पहिल्यांदा पेटली नाही तर

या धड्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. चार-पाच सेकंदांत ज्योत धरली नाही तर नॉब बंद करा आणि थांबा. लगेच दुसरी काडी ओढू नका. पहिल्या वेळी सुटलेला गॅस अजून भट्टीखालीच असतो, दुसरी काडी त्याला लागते आणि जाळ एकदम तोंडावर येतो.

दार उघडं ठेवून किमान पाच मिनिटं जाऊ द्या. पुन्हा वाकून वास घ्या. वास पूर्ण गेला असेल तरच पुन्हा पेटवा. दुसऱ्यांदाही पेटली नाही तर काम थांबवा, व्हॉल्व्ह बंद करा, मिस्त्रीला बोलवा. नोझलमध्ये काजळी किंवा पीठ अडकलेलं असू शकतं. ऑर्डर उशिरा गेली तर गिऱ्हाईक रागावेल, पण त्याची समजूत काढता येते.

ज्योत काय सांगते?

- निळी, स्थिर ज्योत : सगळं ठीक.
- पिवळी, लांब ज्योत, कढईच्या बुडाला काजळी : हवा कमी पडते आहे किंवा बर्नर घाण झालाय. अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत काम करताना दोघी-तिघींचं एकदमच डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली, तर "उन्हाचं असेल" म्हणू नका. भट्टी बंद करा, सगळ्या बाहेर मोकळ्या हवेत जा. बरं वाटेना तर दवाखाना गाठा.
- ज्योत बर्नरपासून सुटून वर उडते, मोठा आवाज येतो : गॅसचा दाब किंवा हवा जास्त आहे.
- 'फट्' आवाज होऊन ज्योत बर्नरच्या आत जळते : लगेच बंद करा, थंड होऊ द्या, साफ करून घ्या.

बर्नर ज्या दाबाचा, रेग्युलेटर आणि पाइपही त्याच दाबाचा लागतो. घरच्या शेगडीचा पाइप मोठ्या दाबाच्या भट्टीला जोडू नका. आणि घरचा 14.2 किलोचा सिलिंडर व्यवसायाला वापरायला परवानगी नाही. गटाच्या नावाने 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. खर्च वाढतो हे खरं, म्हणून तो पदार्थाच्या किमतीत धरा.

थंडीत सिलिंडरवर दव किंवा बर्फ धरतं, ज्योत मंद होते. अशा वेळी सिलिंडर आडवा करणं, त्यावर उकळतं पाणी ओतणं किंवा खाली विस्तव ठेवणं, यातलं काहीही करायचं नाही. आडव्या सिलिंडरमधून पातळ गॅस बाहेर येतो आणि ज्योत भडकते.

काम संपल्यावर

आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. पाइपमधला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या. मग भट्टीचा नॉब बंद करा. असं केल्याने रात्रभर पाइपमध्ये गॅस राहत नाही.

वास आला तर

जवळची ज्योत विझवा, व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा. दिवा, पंखा, मिक्सर काहीही चालू किंवा बंद करू नका. सगळ्या बाहेर या. बाहेर आल्यावरच फोन करा. गॅस गळतीसाठी 1906 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात ओतू नका, जळतं तेल उडतं. गॅस बंद करा, मोठं झाकण किंवा परात बाजूने सरकवत कढईवर ठेवा आणि थंड होईपर्यंत उघडू नका. कुणी भाजलं तर वाहतं साधं पाणी वीस मिनिटं सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका.

दर आठवड्याची तपासणी

बचतीची नोंद जशी ठेवतो तशीच भट्टीची वही ठेवा. तारीख, तपासणारीचं नाव, सही आणि या पाच गोष्टी :

1. साबणाचं पाणी सगळ्या जोडांना लावलं का? बुडबुडे आले का? (काडी पेटवून गळती बघायची नाही. नवा सिलिंडर जोडला की प्रत्येक वेळी ही तपासणी.)
2. पाइपला भेगा, कडकपणा, उंदराचे दात दिसतात का? घरच्या शेगडीचा नारिंगी सुरक्षा पाइपसुद्धा पाच वर्षांनी बदलायचा असतो.
3. बर्नरची भोकं साफ आहेत का?
4. आग विझवायच्या नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? ते दाराजवळ, हाताशी आहे का?
5. सिलिंडरच्या पट्टीवरची तपासणीची मुदत काय आहे? A म्हणजे जानेवारी ते मार्च, B एप्रिल ते जून, C जुलै ते सप्टेंबर, D ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करा.

बैठकीत बोलायचे प्रश्न

- आपल्या गटात भट्टी पेटवायची जबाबदारी कोणाची? ती आली नाही तर कोणाची?
- व्हॉल्व्ह बंद करणं खोलीतल्या प्रत्येकीला येतं का? आत्ता एकेकीने करून दाखवा.
- पाइप आणि बर्नरच्या दुरुस्तीसाठी दर महिन्याला नफ्यातून किती रक्कम बाजूला काढायची? ठराव लिहून घ्या.

ठरावाची नोंद आणि भट्टीची वही पुढच्या भेटीत मला दाखवा. आणि वरच्या पायऱ्या एका मोठ्या कागदावर लिहून भट्टीसमोरच्या भिंतीवर लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं काढा, गटात चित्र काढणारी एखादी मुलगी नक्कीच सापडेल.