मदुरा-पाद : न कापतां पाहिलेला रोग

कांहीं रोग पाण्यावाटे, तर कांहीं डांसांच्या दंशानें शरीरांत शिरतात. परंतु ज्या मातींत शेतकरी अनवाणी राबतो, तींतील बुरशीपासूनहि एक दारुण रोग उद्भवतो. बाभळीचा कांटा पायांत रुतला, कीं त्याजबरोबर बुरशी आंत जाते. १८४२ सालीं मदुरा येथील गिल नामक डॉक्टरानें ह्या रोगाची नोंद केली. म्हणून त्यास ‘मदुरा-पाद’ हें नांव पडलें.

ह्या रोगाचें कपट असें कीं, तो बहुधा दुखत नाहीं. पाऊल हळूहळू सुजतें, पुढें त्यास छिद्रें पडतात व पुवाबरोबर काळे, पांढरे, पिवळे अथवा तांबडे कण बाहेर येतात. हे कण म्हणजेच रोगजंतूंच्या वसाहती होत. वेदना नसल्यामुळें रोगी वर्षानुवर्षें स्वस्थ बसतो. तोंवर हाड पोखरलें जाऊन पाय कापण्याची पाळी येते.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर ह्यांनीं १८६० च्या सुमारास ह्या रोगाचें मूळ बुरशींत आहे असें प्रतिपादन केलें, व १८७४ सालीं त्यावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘ग्रेज अॅनाटॉमी’ ह्या विख्यात ग्रंथांतील चित्रें त्यांच्याच हातचीं. परंतु त्यांच्या काळीं पावलाचें अंतरंग पाहावयाचें तर तें कापल्यावांचून गत्यंतर नव्हतें. १८९५ सालीं राँटगेन ह्यांनीं क्ष-किरण शोधून काढले आणि ही अडचण दूर होऊं लागली.

आज ह्या कामीं तीन साधनें आहेत. पहिलें क्ष-किरणचित्र. त्यांत हाडांतील पोकळ्या दिसतात : बुरशीच्या रोगांत त्या थोड्या पण मोठ्या, तर बॅक्टेरियाजन्य रोगांत लहान पण पुष्कळ असतात. मात्र आरंभीं हाड निर्दोषच दिसतें. दुसरें सोनोग्राफी. ध्वनिलहरी कणांवर आपटून परततात, आणि बुरशीचे कण पडद्यावर ठळक चमकतात. तिसरें एमआरआय. ह्या चुंबकीय चित्रांत काळें कडें, आंत शुभ्र वर्तुळ आणि मध्यभागीं काळा ठिपका दिसतो. ठिपका हा कण, शुभ्र भाग ही त्याभोंवतालची दाहयुक्त पेशीरचना, व कडें हें तंतुमय वेष्टण होय. ‘वर्तुळांतील ठिपका’ ही खूण हाड पोखरलें जाण्यापूर्वींहि सांपडूं शकते.

हा भेद केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नव्हे. एकाच तऱ्हेनें सुजलेल्या दोन पायांपैकीं एकांत बुरशी, तर दुसऱ्यांत बॅक्टेरिया असूं शकतात. बॅक्टेरियाजन्य रोग योग्य औषधांनीं बहुधा शस्त्रक्रियेवांचून बरा होतो; बुरशीच्या रोगास दीर्घकाळ निराळें औषध व पुष्कळदां शस्त्रक्रियाहि लागते. चित्रें केवळ दिशा दाखवितात. अंतिम निर्णय कण सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून व प्रयोगशाळेंत वाढवूनच करावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं ह्या रोगाचा समावेश उपेक्षित रोगांत केला. ही उपेक्षा गरिबांच्या पायांची आहे. म्हणून विद्यार्थीमित्रहो, घरीं शेतांत राबणारें कोणी असेल तर त्यास दोन गोष्टी अवश्य सांगा : पायांत वहाण असावी, आणि न दुखणारी गांठ दुखत नाहीं म्हणून सोडून देऊं नये, वेळींच डॉक्टरांस दाखवावी.