सिनसिनाटीतला नांगरवाला रोमन

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत सिनसिनाटीला गेलो होतो. तिथे ओहायो नदीकाठच्या बागेत एका रोमन माणसाचा पुतळा पाहिला. एक हात नांगरावर, दुसऱ्या हाताने काठ्यांची मोळी पुढे धरलेली. हा शेतकरी कोण आणि त्याचा अमेरिकेशी काय संबंध?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ती मोळी जळणाची नव्हे. रोममध्ये मोठ्या अधिकाऱ्यांच्या पुढे लिक्टर नावाचे शिपाई चालत. त्यांच्या खांद्यावर पट्ट्यांनी आवळलेल्या काठ्या असत आणि त्यांत एक कुऱ्हाड खोवलेली असे. काठ्या फटक्यांसाठी, कुऱ्हाड शिरच्छेदासाठी. कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च निर्वाचित अधिकारी, शहरात असला की कुऱ्हाड काढून ठेवावी लागे, कारण देहदंडाविरुद्ध लोकांपुढे दाद मागण्याचा नागरिकाला हक्क होता. कॉन्सलपुढे १२ लिक्टर असत. संकटकाळी थोड्या मुदतीसाठी नेमलेल्या डिक्टेटरपुढे २४ असत आणि त्यांच्या कुऱ्हाडी शहरातही तशाच राहत. तुम्ही पाहिलेला माणूस ही मोळी घेत नाहीये, परत देतोय. लूशियस क्विंक्टियस सिनसिनॅटस हे त्याचं नाव.

गोष्ट इ. स. पू. ४५८ ची. ईक्वी लोकांनी अल्जिडस डोंगरापाशी कॉन्सल मिनुशियसला सैन्यासकट कोंडून धरलं. सेनेटचे दूत टायबर नदीपलीकडे सिनसिनॅटसच्या शेतावर गेले. शेत जेमतेम अडीच एकरांचं. गडी एकेकाळचा कॉन्सल, पण फरार मुलाच्या जामिनाची रक्कम भरता भरता कफल्लक झालेला. दूत म्हणाले, सेनेटचा निरोप टोगा घालून ऐका. बायकोने, रासिलियाने, खोपटातून टोगा आणला, त्याने घाम-धूळ पुसली आणि तिथेच त्याला कळलं की आपण डिक्टेटर झालो आहोत. त्याने वेढा फोडला. हरलेल्या ईक्वींना भाल्यांचं जू करून त्याखालून वाकून जायला लावलं आणि सोळाव्या दिवशी पद सोडलं. मुदत सहा महिन्यांची होती.

हे सगळं सांगणारा इतिहासकार लिव्ही सुमारे चारशे वर्षांनी जन्मला, तेव्हा घाम आणि टोगा किती खरा मानायचा ते तुम्हीच ठरवा. लिव्हीच आणखी एक गोष्ट सांगतो, ती मात्र पुतळ्यात दिसत नाही. इ. स. पू. ४३९ मध्ये म्हाताऱ्या सिनसिनॅटसला पुन्हा डिक्टेटर केलं गेलं. दुष्काळात गरिबांना धान्य वाटणाऱ्या स्प्युरियस मेलियस नावाच्या व्यापाऱ्यावर राजा होऊ पाहत असल्याचा आरोप होता. डिक्टेटरच्या माणसाने त्याला भर चौकात ठार केलं आणि सिनसिनॅटसने शाबासकी दिली. तो सज्जन होता, पण सरदारवर्गाचा सज्जन होता.

आता अमेरिका. तिथल्या पुढाऱ्यांनी लहानपणी लॅटिन घोटलेलं. राज्यघटनेच्या बाजूने लिहिताना हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी ८५ लेखांवर ‘पब्लियस’ अशी रोमन सही केली. त्यामुळे जॉर्ज वॉशिंग्टनला सिनसिनॅटस ठरवायला कुणाला फार डोकं लढवावं लागलं नाही. साम्य नुसतं उपमेपुरतंही नव्हतं. स्वातंत्र्ययुद्धात, डिसेंबर १७७६ मध्ये, इंग्रज फौज जवळ आली म्हणून अमेरिकेची काँग्रेस फिलाडेल्फिया सोडून बाल्टिमोरला गेली आणि २७ डिसेंबरला तिने सेनापती वॉशिंग्टनला जवळपास अमर्याद अधिकार दिले. मुदत किती? सहा महिने. रोमचा आकडा.

या रोमन औषधाची सगळ्यांनाच गोडी होती असं नाही. व्हर्जिनियात १७७६ मध्ये आणि पुन्हा १७८१ मध्ये डिक्टेटर नेमण्याच्या हालचाली झाल्या, त्यावर थॉमस जेफरसन आपल्या व्हर्जिनियावरच्या पुस्तकात कडाडून तुटून पडला. त्याचा मुद्दा वकिली होता आणि बिनतोड होता. रोमच्या व्यवस्थेत असा तात्पुरता हुकूमशहा बसतो, आमच्या व्यवस्थेत त्याला जागाच नाही. आणि रोममध्येही तो तात्पुरता राहिला नाही. खरंच आहे. सुल्लाने इ. स. पू. ८२ मध्ये मुदतीविना डिक्टेटरपद घेतलं. सीझर इ. स. पू. ४४ मध्ये तहहयात डिक्टेटर झाला आणि काही आठवड्यांतच मारला गेला. त्यानंतर मार्क अँटनीने हे पदच कायद्याने रद्द केलं. पण ऑगस्टसला त्याची गरजही पडली नाही. लोक डिक्टेटरपद देऊ करत असताना त्याने ते नाकारलं, इतर पदांचे अधिकार एकेक करून स्वतःकडे घेतले आणि मरेपर्यंत राज्य केलं.

वॉशिंग्टनने मात्र २३ डिसेंबर १७८३ ला अ‍ॅनापोलिस इथे काँग्रेससमोर उभं राहून सेनापतिपद परत केलं आणि नाताळच्या आदल्या दिवशी तो माउंट व्हर्ननला घरी पोचला. उदाँ या फ्रेंच शिल्पकाराने घडवलेला त्याचा संगमरवरी पुतळा रिचमंडच्या विधानभवनात आहे. अंगावर लष्करी गणवेश, हाताखाली १३ राज्यांच्या १३ काठ्यांची मोळी, मागे नांगर. नांगर तेवढा मला खटकतो. वॉशिंग्टन मरण पावला तेव्हा माउंट व्हर्ननवर तीनशेहून अधिक गुलाम राबत होते. हजारो एकरांच्या त्या जमिनीत नांगर कोण धरत होतं हे सांगायला नको.

१७८३ मध्येच, मे महिन्यात, युद्ध संपवून घरी निघालेल्या अधिकाऱ्यांनी ‘सोसायटी ऑफ द सिनसिनाटी’ स्थापन केली. सिनसिनाटी म्हणजे अनेक सिनसिनॅटस. वॉशिंग्टन तिचा पहिला अध्यक्ष. गंमत अशी, की सत्ता सोडणाऱ्याच्या नावाने निघालेल्या या संस्थेचं सभासदत्व वंशपरंपरागत होतं, थोरल्या मुलाकडे जाणारं! राजा हाकलून लावलेल्या देशात ही वतनदारी बघून लोक भडकले. साउथ कॅरोलायनाचा न्यायाधीश एडॅनस बर्क याने ‘कॅशियस’ या टोपणनावाने, म्हणजे सीझरच्या मारेकऱ्याच्या नावाने, तिच्याविरुद्ध पुस्तिका काढली. बेंजामिन फ्रँकलिनने मुलीला लिहिलेल्या पत्रात हिशेबच मांडला: नवव्या पिढीतल्या वारसात मूळ वीराचा वाटा फक्त ५१२वा उरेल. वॉशिंग्टननेही वारसाहक्काचं कलम काढायचा आग्रह धरला, पण ते गेलं नाही. संस्था आजही आहे.

तिचाच एक सभासद आर्थर सेंट क्लेअर १७९० मध्ये ओहायोकाठच्या एका नव्या वस्तीवर आला. तो त्या प्रदेशाचा गव्हर्नर होता. वस्तीचं लोसँटिव्हिल हे नाव त्याला पसंत पडलं नाही, त्याने सिनसिनाटी केलं. तुमच्या मुलाचं शहर ते हे.

राहता राहिला प्रश्न या उदाहरणाचा पुढे काय परिणाम झाला याचा. राष्ट्राध्यक्ष म्हणून दोन मुदती झाल्यावर वॉशिंग्टनने १७९६ मध्ये पुन्हा उभं राहायला नकार दिला. त्यात तत्त्वापेक्षा थकवा जास्त होता. त्याचं तत्त्व बनवलं ते जेफरसनने. मग तो शिरस्ता जवळजवळ दीडशे वर्षं पाळला गेला, पण तो शिरस्ताच होता, कायदा नव्हे. ग्रँटने १८८० मध्ये तिसऱ्यांदा उमेदवारीसाठी प्रयत्न केला, तो पक्षानेच हाणून पाडला. फ्रँकलिन रूझवेल्ट १९४० मध्ये तिसऱ्यांदा आणि १९४४ मध्ये चौथ्यांदा निवडून आला. घटनेत त्याला अडवणारं काहीच नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर काँग्रेसने घाईने बाविसावी दुरुस्ती मांडली आणि २७ फेब्रुवारी १९५१ पर्यंत पुरेशा राज्यांनी ती मंजूर केली. सिनसिनॅटसच्या भलेपणावर सोडलेली गोष्ट तेव्हा कुठे अमेरिकेच्या घटनेत लिहिली गेली: राष्ट्राध्यक्षपदावर कुणालाही दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येणार नाही.