एकाच हाकेला दोन ओ

कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा हे माझं माहेर. भावाला जुळे मुलगे झाले, तेव्हा आत्या म्हणून मी पाळण्याशी दोनदा वाकले आणि दोन कानांत दोन नावं सांगितली. नावं आधीच ठरली होती. गुरुजींनी पत्रिका पाहून अक्षर दिलं, घरातल्या थोरल्यांनी त्या अक्षरावरून जोडी जुळवली, आणि बारशाला आलेल्या बायका 'किती गोड जोडी' म्हणत घुगऱ्या घेऊन गेल्या. खरी नावं इथे लिहीत नाही. मुलं आता मोठी आहेत. समजा, एक प्रणव आणि दुसरा प्रणय. फरक एवढाच होता, शेवटच्या एका अक्षराचा.

जुळ्यांना एकच अक्षर का येतं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. नक्षत्रं 27, प्रत्येकाचे चार चरण, आणि प्रत्येक चरणाचं एक अक्षर. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे एक चरण सहाएक तासांचा. काही मिनिटांच्या अंतराने जन्मलेली लेकरं बहुधा एकाच चरणात येणार. उत्तरा फाल्गुनीचा तिसरा चरण असला की दोघांनाही 'पा'. पंचांगाचं यात काही चुकत नाही. पण ते अक्षर जन्मनावासाठी असतं. व्यवहारातलं नाव त्याच अक्षराचं हवं, असा आपल्याकडे जुना दंडक नाही. बारशाला एकाच बाळाच्या कानात देवाचं, कुळाचं, नक्षत्राचं आणि हाक मारायचं अशी वेगवेगळी नावं सांगायची रीत आहेच. तिचाच उपयोग करा. पत्रिकेतली नावं एका अक्षराची राहू द्या, शाळेत जाणारी नावं वेगळी ठेवा.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. माझ्या आईने थोरल्याच्या कमरेला काळा आणि धाकट्याच्या कमरेला लाल करदोटा बांधला होता. घरात तेवढ्यावर भागत होतं. कागदावर भागेना. साडेतीन महिन्यांच्या लसीच्या दिवशी मी माहेरीच होते. थोरला तापलेला होता, म्हणून त्याची सुई पुढच्या वेळेवर ठेवली आणि धाकट्याला दिली. नोंद गेली थोरल्याच्या कार्डावर. पुढच्या महिन्यात पुकारा झाला तो धाकट्याच्याच नावाचा. वहिनीने त्याला मांडीवर घेतलं आणि हात थांबवला. सुईच्या जागची बारीकशी गाठ अजून बोटाला लागत होती. "ह्याला दिलीय मागच्या बारीला, ह्याच्या भावाची ऱ्हायलीय," ती म्हणाली. मग दोन्ही कार्डं शेजारी ठेवून पाहिली. तिचं बोट त्या गाठीवर पडलं नसतं, तर थोरल्याचा डोस राहूनच गेला असता आणि कार्डावर मात्र तो पूर्ण दिसला असता.

पुढे शाळेत हेच चालू राहिलं. हजेरीला एकाच नावावर दोघे ओ देत. एकाच्या पेपरचे गुण दुसऱ्याच्या नावापुढे चढत. सगळ्यांत जास्त लागलं ते धावण्याच्या शर्यतीचं. पहिला आला धाकटा, प्रमाणपत्रावर नाव थोरल्याचं. चूक दुरुस्त करून मिळाली, पण त्या दिवशी तो जेवला नाही. मोठ्यांना जी जोडी गोड वाटते, तिच्यातल्या प्रत्येकाला आपलं काहीतरी एकट्याचं हवं असतं. नाव ही त्यातली पहिली गोष्ट.

इंग्रजीत घोळ आणखी वाढतो. प्रणव आणि प्रणय यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटचं अक्षर एकाचं 'व्ही', दुसऱ्याचं 'वाय'. घाईने हाताने लिहिलं की दोन्ही सारखीच दिसतात. आपल्या नावाची पद्धतही लक्षात घ्या. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचंही नाव आलं, ते फार चांगलं झालं. पण जुळ्यांचे हे पुढचे तिन्ही शब्द सारखे, जन्मतारीख सारखी, पत्ता सारखा. वेगळेपणाचा सगळा भार एकट्या पहिल्या नावावर येतो. त्याचंही आद्याक्षर एकच असेल, तर संक्षेपाने लिहिलेली दोन्ही नावं तंतोतंत एक होतात.

आणि गावात पूर्ण नाव घेतो कोण? प्रणवचाही पन्या होतो, प्रणयचाही पन्याच. सार्थक आणि समर्थ कागदावर वेगळे दिसतात, पण दोघांचीही हाक 'स'ने सुरू होऊन 'थ'शी अडखळते. म्हणून नाव ठरवण्याआधी एकाने अंगणात उभं राहावं, दुसऱ्याने केळीच्या बागेच्या पलीकडच्या बांधावर जावं, आणि दोन्ही हाका मारून बघाव्यात. कुणाला बोलावलं हे तिथे कळलं पाहिजे. दोन्ही नावांची लाडाची आणि रागाची रूपंही मोठ्याने म्हणून बघा.

मग जोडी जुळवायचीच नाही का? जुळवा, हौसेने जुळवा. संत नामदेवांचं नरसी आपल्याच जिल्ह्यात आहे. त्यांच्या चार मुलांची नावं बघा: नारा, विठा, गोंदा, महादा. चौघे जुळे नव्हते, पण नावं एका घरची आहेत हे ऐकताक्षणी कळतं. प्रत्येक नाव देवाचं, प्रत्येक दोन-तीन अक्षरांचं, शेवट सगळ्यांचा आकारान्त. आणि तरी सुरुवातीचं अक्षर चौघांचं चार प्रकारचं. कुणाच्या हाकेला दुसऱ्याने ओ द्यावी अशी सोयच नाही. माझ्या मते जुळ्यांच्या नावांसाठी याहून चांगला नमुना शोधायला नको. नकुल-सहदेव हे तर माद्रीचे जुळेच. त्यांच्या नावांत यमक नाही, तरी एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं तोंडात येतंच. जोडी अर्थाने आणि वजनाने जुळावी, आवाजाने वेगळी राहावी.

वजनाचं मुद्दाम सांगते. एकाचं नाव राजाचं आणि दुसऱ्याचं सेवकाचं असू नये. राम-लक्ष्मण सुंदर आहे, पण लक्ष्मणाला आयुष्यभर 'तू मागे चाल' हे ऐकावं लागतं. लक्ष्मण प्रत्यक्षात शत्रुघ्नाचा जुळा, हे कुणाच्या ध्यानातही नसतं. लव-कुश बरोबरीचे आहेत. एक नाव चार अक्षरांचं भारदस्त आणि दुसरं दोन अक्षरांचं गोंडस असेल, तर धाकट्याला ते कधीतरी टोचतं.

आमच्या मुलांची नावं तीच राहिली. जन्मनोंदीत लिहिण्यातली चूक दुरुस्त होते, पण एकदा चढवलेलं नाव पसंत नाही म्हणून बदलून मिळत नाही. त्यासाठी राजपत्राचा लांबचा रस्ता धरावा लागतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे, तेव्हा आता हलगर्जी आणखी महागात जाईल. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

घाई मात्र कुणीच करायला सांगितलेली नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करा, दोन बाळांचे दोन अर्ज स्वतः वाचून द्या. नावाचा रकाना तेव्हा कोरा ठेवता येतो. 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क भरता येतं. तेवढ्या काळात घरात दोन्ही नावांनी हाका मारा, शेजाऱ्यांना मारू द्या, आणि दोघांपैकी नेमका एकच वळून बघतो आहे याची खात्री झाली की मग ग्रामपंचायतीत जा.