जाळ्याची निवड : किमतीआधी आस पाहा

आदिलाबाद जिल्ह्यातील पैनगंगेचे पात्र, सातनाला व मत्तडिवागू प्रकल्पांचे जलाशय आणि गावोगावचे तलाव यांवर अनेक मच्छीमार कुटुंबांची उपजीविका अवलंबून आहे. जाळे विकत घेताना बहुधा त्याची किंमत व लांबी पाहिली जाते. तथापि जाळ्यात केवढा मासा सापडणार, हे ठरते ते आसावरून. आस म्हणजे जाळ्याचे एक घर. ते पूर्ण ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधील अंतर मोजले असता आसाचे माप मिळते.

फेकजाळे उथळ पाण्यात एकट्या माणसास वापरता येते. ओढजाळ्यास अनेक माणसे व सपाट तळ लागतो. खडक आणि बुडालेली खोडे असलेल्या जलाशयात ते फाटते. अशा ठिकाणी पाण्यात उभे लावावयाचे कल्ल्यांचे जाळे सोयीचे होय. मासा घरात डोके घालतो आणि मागे सरू लागताच त्याचे कल्ले दोऱ्यात अडकतात. फार लहान मासा आरपार निघून जातो, तर फार मोठ्या माशाचे डोके आत शिरत नाही.

योग्य आस निवडण्यास एक सुतळी पुरेशी आहे. जेवढा मासा धरावयाचा असेल, तेवढ्या माशाचा कल्ल्यांमागील घेर आणि सर्वांत जाड भागाचा घेर मोजावा. घराचा परीघ या दोहोंच्या मध्ये असावा. उदाहरणार्थ, हे घेर २४ व ३० सेंटिमीटर भरल्यास परीघ २७ सेंटिमीटर हवा. ताणलेला आस परिघाच्या निम्मा असतो. म्हणून आस साडेतेरा सेंटिमीटरचा घ्यावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मृगळ सडपातळ असतो, तर कटला रुंद अंगाचा व मोठ्या डोक्याचा. मृगळाच्या मापाने घेतलेल्या जाळ्यात कटला लहान वयातच अडकतो. कटला झपाट्याने वाढणारा मासा असल्याने त्यास अकाली धरणे म्हणजे पुढील वजन गमावणे होय. ज्या पाण्यात दोन्ही मासे आहेत, तेथे आस कटल्याच्या मापाने ठरवावा.

सुताचाही विचार करावा. सुती जाळे पाण्यात कुजते. एकपदरी पारदर्शक नायलॉन स्वस्त असून माशास सहसा दिसत नाही. परंतु ते लवकर तुटते, दुरुस्तीस कठीण असते आणि पाण्यात हरवल्यास मासे मारीतच राहते. पीळदार नायलॉन महाग पडले तरी सांधता येते व अधिक काळ टिकते. दोरीवर चढविताना १०० मीटर ताणलेली जाळी साधारणतः ५० मीटर दोरीवर बसवावी. अधिक ताणल्यास घरे उघडी राहत नाहीत.

कटला, रोहू व मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. त्यामुळे तलावात त्यांचे बीज सोडावे लागते. तेलंगणा शासनाने २०१६-१७ मध्ये मत्स्यबीज विनामूल्य पुरविण्याची योजना सुरू केली. परंतु सोडलेले बीज बोटुकलीच्या अवस्थेतच पकडले गेले, तर त्याचा लाभ कोणासच होत नाही. एकाने मोठ्या आसाचे जाळे लावावे आणि दुसऱ्याने बारीक आसाने तेच पाणी उपसावे, असे घडल्यास पहिल्याचा संयम व्यर्थ जातो. यास्तव प्रत्येक मच्छीमार सहकारी संस्थेने जाळी खरेदी करण्यापूर्वी सभेत सुतळीने मासे मोजून सर्वांसाठी किमान आस ठरवावा आणि तो सभेच्या वृत्तांतात नोंदवून ठेवावा.