‘उंबरठा’ दाखवताना

१. खेळ संपला की कॅमेरा, पटकथा वगैरे विषय आधी निघत नाहीत. जब्बार पटेलांचा १९८२चा ‘उंबरठा’ आमच्या फिल्म क्लबात लावला की पहिला प्रश्न ठरलेला: “पण लेकीचं काय?” सुलभा छोट्या राणीला घरी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक व्हायला जाते, आणि निम्मं सभागृह तिथंच अडून बसतं. लगेच उत्तर द्यायला जाऊ नये. लोकांना मनसोक्त बोलू द्यावं.

२. मग हळूच सुभाषचं नाव काढावं. सुलभा परत येते तेव्हा हा वकील नवरा दुसऱ्या बाईशी संबंध असल्याचं कबूल करतो. “निदान खरं तरी बोलला!” असं म्हणणारं कुणीतरी निघतंच. म्हणजे प्रामाणिकपणाचे गुण त्याला आणि बेजबाबदारपणाचा शेरा तिला. गिरीश कार्नाडांनी सुभाष इतका सभ्य, मऊ आवाजाचा उभा केलाय की तो सहज सुटतो. खलनायक असता तर भांडण पाच मिनिटांत मिटलं असतं.

३. “मूळ कादंबरीत असं नाही” म्हणणाऱ्याला शांता निसळांची ‘बेघर’ कधी वाचली ते विचारावं. (बहुतेकदा विषय बदलतो.) पटकथा तेंडुलकरांची, हेही इथंच सांगून टाकावं.

४. परीक्षणात ‘स्त्रीमुक्तीचा चित्रपट’ एवढं लिहून झालं की पुढं लिहिण्यासारखं काही उरलं नाही, असं लिहिणाऱ्याला वाटतं. आश्रमाला मग दोन ओळी मिळतात. खरं तर चित्रपटाचा जीव तिथं आहे: बायकांवर डोळा ठेवून असलेला आमदार, दोघींचं एकमेकींवरचं प्रेम आणि त्यावरून उठलेला गदारोळ, पेटवून घेणाऱ्या बायका, चौकशी, शेवटी राजीनामा. सुलभा झालेली स्मिता पाटील इथं रडत बसत नाही. तिच्या चेहऱ्यावर कामाचा शीण दिसतो.

५. चित्रपटाला मिळालेल्या राष्ट्रीय पुरस्काराचा उल्लेख करून वाद मिटत नाही. उलट कुणीतरी म्हणतं, “पुरस्कार असलेच सिनेमे घेतात.”

६. सुलभाच्या सासूबाईंचा प्रश्न मी राखून ठेवते. त्याही समाजकार्यच करतात, घरात त्यांचा दबदबा आहे, त्यांना कुणी नावं ठेवत नाही. असं का? यावर सगळ्यात नेमकं उत्तर मागच्या रांगेतल्या एका आजींनी दिलं होतं: “अहो, त्या मीटिंग संपली की घरी येतात!”